खारीक

अबुल खसीबला आज सहा-चाळीसची भरती.
ओढ्याच्या तोंडाशी उकिडवी बसून
मी मीटरची नळी पाण्यात सोडते.
आकडा थरथरतो, मग बसतो,
कोणी पाट मांडून दिल्यासारखा.

मिज्बान आकड्याकडे बघत नाही.
ओंजळ भरतो, तोंडात धरतो, थुंकतो.
“कालच्यापेक्षा जास्त.”
यंत्राचं आणि त्याचं रोज पटतंच असं नाही.
आज पटलं.

भरती इथली पाटकरी होती.
आखात फुगायचं, नदीला मागे रेटायचं,
आणि नदीचं गोडं पाणी आपसूक
ओढ्यातून, चरातून, बोटभर चिरेतून
खजुरीच्या पायाशी येऊन उभं राहायचं.
दिवसातून दोनदा.
मोट नाही, पंप नाही, पाळीवरून डोकी फुटणं नाही.
त्याच्या आज्यानं पाणी कुणाकडे मागितलं नाही.
चंद्र द्यायचा.

मग वर, फार वर,
एक बांध. त्याच्यावर आणखी एक.
बोगदा, कालवा, कालव्याचे कालवे,
इकडून गव्हाला, तिकडून उसाला.
तो नकाशा मी पाहिलाय. सुरेख आहे,
हिरवा रंग कडेपर्यंत गेलेला.
तो गहू खाणाऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात आमच्यात.
शेवट तरी
कुणी विचारायला हवा होता.

भरती अजून येते. वेळेवर.
मागे रेटायला नदीच उरली नाही
हे तिला कोण सांगणार?
ती स्वतःलाच घेऊन येते,
त्याच ओढ्यातून, त्याच बोटभर चिरेतून,
आणि झाडागणिक
इमानेइतबारे मीठ वाढते.

एक मासा समुद्रातून नदीत चढायचा, अंडी घालायला.
त्याला इथं सबूर म्हणतात.
“आमच्या भाषेत सबूर म्हणजे थांब,” मी सांगितलं.
मिज्बान हसला, पहिल्यांदाच.
“थांबलाच आहे तो,” म्हणाला, “तिकडे, आखातात.”

शेजारची वनासा म्हशी विकते आहे.
दोघींच्या डोळ्यांवर पांढरं आलंय, तिसरी पाण्याला तोंड लावत नाही.
मला पाहून तिनं विचारलं,
तुझं यंत्र म्हशीच्या डोळ्याला लागतं का?
मी नाही म्हटलं.
फॉर्मात त्याचा रकाना नाही
हे तिला सांगितलं नाही.

हलावीची पाचशे झाडं होती, आता एकशे अकरा.
बाकीची उभीच आहेत,
पण शेंड्याशिवाय, नुसत्या खांबांसारखी,
वरचं छप्पर कुणी उचलून नेल्यासारखी.
लहानपणी पेणच्या बाजारात
गोणीवर बसऱ्याचं नाव वाचून
आई मूठभर खारका घ्यायची, बाळंतिणीसाठी.
त्या शब्दात खार
तेव्हापासूनच बसली होती.
मला ऐकू आली नाही.

मिज्बान चहा करतो.
पाणी टँकरचं, विकतचं, बिनचवीचं.
पेल्यात साखर इतकी
की चमचा उभा राहावा.
आम्ही दोघं ओहोटीची वाट बघत
मुकाट पितो.

आणि तेवढ्यात ती दिसते,
चराच्या चिखलात, बागेच्या अगदी आत,
डोळे डोक्यावर, कल्ल्यापाशी दोन हात टेकलेले.
निवटी.

आमच्या खारेपाटात
भाताच्या खाचरात निवटी दिसली
की बाबा काही बोलायचे नाहीत.
जेवतं ताट सरकवायचे,
कंदील, फावडं, पेंढा उचलायचे
आणि गाव गोळा व्हायचा रातोरात.
बांध फुटलाय, एवढंच त्याचा अर्थ.
बांध समोर असायचा. हाताला लागायचा.

मिज्बान विचारतो, “ओळखतेस तिला?”
“हो.”
“काय करता तुमच्याकडे?”

मी फावडं शोधल्यासारखी
इकडेतिकडे बघते.
निवटी एक उडी मारते,
खजुरीच्या मुळाला टेकून बसते.
सात-बावीस. पाणी अजून चढतंय.